समुद्राच्या तळाशी आमचं वावर

पापा माती दातांनी तपासायचे. ओल्या चिखलाची चिमूट पुढच्या दातांत धरायची, डोळे किंचित मिटायचे आणि निकाल द्यायचा. कचकच लागली तर गाळ, लोण्यासारखी घसरली तर चिकणमाती. ऑफिसात त्यांच्याकडे यंत्रं होती, पण पहिला अंदाज दातांचाच, असं ते छाती फुगवून सांगत. आईला या विद्येचा मनापासून तिटकारा होता, कारण तिची झळ स्वयंपाकघराला बसायची. हिवाळ्यात लखनौच्या बाजारात बथुआ, म्हणजे आपला चाकवत, यायचा. आई तो पाणी बदलून बदलून धुवायची, तरी पापा पहिल्याच घासाला थबकायचे. "गोमतीकाठची दिसते," म्हणायचे, "अभ्रक आहे थोडं." आई पोळी लाटता लाटता म्हणायची, "सब्जी कशी झालीय ते सांगा. माती कशी झालीय ते कोणी विचारलं नाही."

पापांचं ऑफिस समुद्राच्या तळाचा चिखल तपासायचं, आणि तेही लखनौत. कुठल्याही दिशेनं समुद्र गाठायचा म्हटलं तरी रेल्वेत अंग आंबून जाईल अशा गावात. जहाजावरून लांब नळ्या तळात खुपसून चिखल काढायचे आणि त्या नळ्या ओल्या फडक्यांत गुंडाळून लाकडी पेट्यांतून चारबाग स्टेशनावर यायच्या. मग तो चिखल धुवायचा, चाळायचा, सूक्ष्मदर्शकाखाली धरायचा आणि ठरवायचं की हा कण मुळात कुठल्या जमिनीचा. समुद्राच्या तळाशी जे बसलेलं असतं त्यातलं पुष्कळसं समुद्राचं नसतंच. ते डोंगरांचं, शेतांचं, नदीकाठांचं असतं. पाऊस जमीन झिजवतो, नद्या ती वाहून नेतात आणि शेवटी ती तिथे जाऊन निजते. मला हे भूगोलाच्या पुस्तकाच्या कितीतरी आधी जेवणाच्या ताटावर कळलं होतं.

गंमत अशी, की पापांनी समुद्र पाहिलाच नव्हता. भंडारा जिल्ह्यातलं वैनगंगेकाठचं गाव, तिथून शिकायला नागपूर आणि नागपुरातून थेट लखनौ, एवढाच त्यांचा प्रवास. आमच्या बौद्ध वस्तीतले ते पहिले साहेब. आम्ही मानक नगरच्या रेल्वे कॉलनीला लागून भाड्याच्या घरात राहायचो. समुद्र न पाहिल्यावरून कॉलनीतले मराठी इंजिनीअर पापांना चिडवायचे. "नवरी न पाहता लग्न लावता की हो तुम्ही," ते म्हणायचे. पापा शांतपणे उत्तर द्यायचे, "मी तळाचा माणूस. पाण्याशी माझं काय काम?" पण कॅलेंडरवर समुद्राचं चित्र आलं की ते पान महिना उलटला तरी भिंतीवर राहायचं, हे आम्हाला ठाऊक होतं.

पापा खोटं बोलत नसत. हे असं लिहिलं की फार मोठा गुण वाटतो. प्रत्यक्षात तो घरच्यांचा छळ होता. कोणी हौसेनं विणलेला स्वेटर दाखवला तर ते म्हणत, "लोकर चांगली आहे." आणि पुढे अवाक्षर नाही. पाहुण्यांनी "थांबतो अजून दोन दिवस" म्हटलं की आई "थांबा ना" म्हणायची आणि पापा चष्मा पुसत बसायचे. जे तपासलं नाही ते बोलायचं नाही, हा ऑफिसातला नियम त्यांनी घरी आणून ठेवला होता. मी आठवीत असताना हा नियम आमच्या चांगलाच अंगाशी आला. त्या वर्षी आबाजी लखनौला आले.

आबाजी म्हणजे पापांचे वडील. आजी कधीच गेली होती आणि आता त्यांचं वावरही गेलं होतं. लखनौत सगळे शेताला खेत म्हणायचे, पण आमच्या घरात शब्द वावर हाच होता. वैनगंगेच्या अगदी काठावर, जिथे कोणाला जमीन नको असायची, तिथे आबाजींनी झुडपं उपटून, गोटे वेचून, टोपल्यांनी माती ओढून ते वावर उभं केलं होतं. वरची चांगली जमीन पाटलाची. पाटलाच्या वावरातून आमच्या माणसानं चालत जायचं नाही, अशी गावाची रीत होती. म्हणून आबाजी स्वतःच्या वावरात जायला नदीच्या पात्रातून वळसा घालून जायचे आणि पावसाळ्यात बियाण्याचं गाठोडं डोक्यावर घेऊन कमरेएवढ्या पाण्यातून. दोन वावरांच्या मधला धुरा, म्हणजे बांध, पाटलाचा नांगर दर वर्षी थोडा थोडा आमच्या बाजूला कापायचा. आबाजी उन्हाळ्यात तो पुन्हा घालायचे. त्यांची उमर त्या धुऱ्यात गेली.

मग नदीनं काठ कापायला सुरुवात केली. एका पावसात मिरचीचा तुकडा गेला, दुसऱ्या पावसात आंब्याचं झाड. पापा दर वेळी जाऊन यायचे. शेवटी सगळंच गेलं आणि पुढच्या पावसात नदी पाटलाच्या वावराला लागली. तेव्हा कुठे आबाजी पापांबरोबर गाडीत बसले.

लखनौचा हिवाळा त्यांना मानवेना. सकाळी कोहरा इतका दाट असायचा की अंगणातला नळ दिसत नसे. ते रजाई पांघरून अंगीठीजवळ बसायचे आणि ऊन आलं की मागच्या अंगणात. घरामागे एक तलैया, म्हणजे छोटं तळं, होती, म्हशींनी डहुळलेली. तिच्याकडे बघत ते मला गावच्या गोष्टी सांगायचे. मला मराठी सगळं समजायचं, पण उत्तर तोंडातून हिंदीत निघायचं. "काहून वो पोरी, तुही जीभ कोणं बदलली?" ते विचारायचे. मी म्हणायचे, "आबाजी, स्कूल में सब ऐसे ही बोलते हैं." ते माझ्या डोक्यावर टपली मारायचे. तो त्यांचा खरखरीत हात मला अजून आठवतो आणि तो हात डोक्यावर असावा असं या वयातही कधी कधी वाटतं.

एके दिवशी त्यांनी पापांना विचारलं, "माहं वावर कोठी गेलं?"

पापा खूष झाले. त्यांच्या विषयातला प्रश्न घरात पहिल्यांदाच कोणी आपणहून विचारला होता. त्यांनी माझा शाळेचा नकाशा उघडला आणि बोट फिरवत नेलं. वैनगंगा, प्राणहिता, गोदावरी, बंगालचा उपसागर. आबाजी बोटाबरोबर मान हलवत गेले.

"अन् तू याच समुद्राचा चिखल पाह्यतो ना?"

"हो बाबा."

"मंग दाखव."

इथे गाडं अडलं. पापा सांगू लागले की असं दाखवता येत नाही, समुद्र केवढा, नळी केवढी. आबाजींनी ऐकून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच विचारलं. तिसऱ्या दिवशीही. "तुही नोकरीच हे हाय ना? दुसऱ्याच्या मातीचा पत्ता काढतो. बापाच्या मातीचा काढत नाही." मग आबाजींनी नवं सुरू केलं. "इथं माहं काय हाय? मले गावाले नेऊन सोड. नदीच्या काठी बसतो."

गावात त्यांचं कोणी उरलं नव्हतं. डोळ्यांत मोतीबिंदू, छातीत खोकला आणि घराची भिंत पावसानं बसलेली. तिथे एकटे गेले तर पुढचा हिवाळा पाहणार नाहीत, असं आई म्हणायची. पापांनाही ते पटत होतं. म्हाताऱ्याचा जीव वावरात अडकला होता आणि वावराचा पत्ता दिल्याशिवाय तो आमच्याकडे टिकणार नव्हता. एवढं मलाही कळत होतं आणि मला ते जायला नको होते.

कॉलनीतली एक मराठी काकू, मूळची पुण्याची, आईला म्हणाली, "अहो, द्या चिमूटभर कसलीतरी माती आणि सांगा हीच तुमची. म्हातारी माणसं. समाधान महत्त्वाचं." आईनं ते पापांच्या कानावर घातलं. पापा एवढंच म्हणाले, "मी नाही सांगणार." आई रागानं म्हणाली, "तुमचं ते खरं घेऊन बसा. बाप गाडीत बसून निघून जाईल तेव्हा खरं पांघरून झोपा." आणि तिनं मनाशी काहीतरी ठरवलं.

पापा ऑफिसात गेल्यावर तिनं तलैयाच्या काठचा काळा चिखल आणला. मलमलच्या फडक्यातून गाळून घेतला, कारण कचकच राहिली तर घात होईल हे तिच्याइतकं कोणाला ठाऊक होतं? पापांनी टाकून दिलेली नमुन्याची एक बाटली धुतली. चिखल तिच्यात भरताना ती थांबली, विचार केला आणि डब्यातलं मीठ घातलं. समुद्राचा चिखल म्हणजे खारट हवाच. मी दारात उभी राहून बघत होते. "बोलशील तर बघ," आई म्हणाली. मी कशाला बोलतेय? मला तर तिची अक्कल थोर वाटली होती.

आई सासऱ्यांना मामाजी म्हणायची. "मामाजी, ह्यांनी आणलंय," तिनं बाटली पुढे केली. "आपल्या वावरातलं."

आबाजींनी तो चिखल तळहातावर घेतला. दुपारभर ते उन्हात तसेच बसले होते. तळहात वाळला की पाण्याचं बोट लावायचे. मला जवळ बोलावून ते सांगू लागले, मिरची कशी लाल व्हायची, वाळत घातली की वस्तीतली पोरं कशी शिंकायची, आजी दुपारची भाकर घेऊन पात्रातून कशी यायची. मला वाटलं, संपलं आता. आबाजी राहिले.

संध्याकाळी पापा आले. स्कूटर लावून आत येतात तोच आबाजींनी हात पुढे केला. "आणलं तं सांगितलं काहून नाही बाप्पा?"

पापांनी हाताकडे पाहिलं. आईकडे पाहिलं. आई डोळ्यांनी काय काय सांगत होती. पण सवय ती सवय. त्यांचं बोट आपोआप पुढे झालं आणि चिमूट दातांखाली गेली.

"ही मागच्या तलैयातली आहे," पापा म्हणाले. मग जिभेनं दात चाचपून, "आणि मीठ जास्त झालंय."

"समुद्र खारट असतो ना!" आईच्या तोंडून निघून गेलं.

"इतका नसतो."

आज हे आठवलं की हसू आवरत नाही. माणसानं बायकोच्या हातच्या चिखलालाही मीठ जास्त म्हणावं! पण तेव्हा कोणी हसलं नाही. आबाजी उठले, अंगणातल्या नळावर गेले आणि त्यांनी हात धुतला. तो धुताना त्यांनी इतका वेळ लावला की मला रडू आलं. मग आत येऊन ते म्हणाले, "उद्या मले गाडीत बसवून दे." कोणावर रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं.

सकाळी आईनं शिदोरी बांधली. थंडीमुळे शाळा बंद होत्या, म्हणून मीही निघाले. पापांनी रिक्षा बोलावली आणि आम्ही तिघं दाटीवाटीनं बसलो. चारबागच्या चौकात रिक्षा स्टेशनाकडे वळायला लागली, तेव्हा पापा म्हणाले, "भैया, सीधे चलो." आबाजी ऑफिसाच्या फाटकाशी उतरले तेव्हा त्यांना कळलं असावं, कारण त्यांनी धोतर झटकलं आणि टोपी नीट केली.

प्रयोगशाळेला ओल्या मडक्याचा वास होता. टेबलांवर उंच काचेच्या नळ्या ओळीनं उभ्या होत्या, पाण्यानं भरलेल्या. पापांनी एका लांब नळीतला करडा चिखल दाखवला. "हा उपसागराच्या तळातून काढलेला. पण खोलवरचा आहे बाबा. बुद्धाच्याही आधीचा. यात आपलं वावर नाही. असूच शकत नाही. आपलं तर आत्ता गेलं." त्यांनी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावायला सांगितला. आबाजींना मोतीबिंदूमुळे फारसं दिसलं नसावं, पण चमचम दिसली. "ते अभ्रक. हिमालयातलं. गंगा घेऊन गेली. गोमतीही गंगेलाच मिळते, तेव्हा लखनौचंही असेल त्यात."

मग पापांनी फळीवरून एक बरणी काढली. गोदावरीच्या मुखाशी, समुद्राच्या तळावरून वरवर खरवडून घेतलेला चिखल होता तो. काळसर. त्यातली चिमूट त्यांनी पाण्याच्या नळीत सोडली. रेतीचे कण सरळ खाली गेले. बाकीचा काळा ढग पाण्यातच रेंगाळला, खाली जाईना.

"जड असतं ते वाटेतच पडतं," पापा म्हणाले. "बारीक माती सगळ्यात दूर जाते."

"आपली बारीकच होती," आबाजी म्हणाले. "हातानं चाळली होती मी." ते काचेजवळ सरकले. "यात माहं हाय?"

आई असती तर तिनं पापांच्या पायावर पाय दिला असता. मी मनातल्या मनात देवाचं नाव घेत होते, आमच्या घरात ती पद्धत नसूनही.

"असेलही. नसेलही," पापा म्हणाले. "ही काळी माती आपल्याकडची आहे एवढं सांगता येतं. नाशिकपासून आपल्या गावापर्यंत कुठलीही असू शकते. त्यापुढे मला नाही सांगता येत, बाबा. मी खोटं सांगितलं तर तुम्हाला ते कळेल आणि मग तुम्ही माझं कशालाच खरं मानणार नाही." मी पापांना असं बोलताना कधी ऐकलं नव्हतं.

"मंग निवडून पाह्य ना. इतक्या चाळण्या हायत तुह्याजवळ. माहं वेगळं काढ."

"नाही निघत."

"पाटलाचंही यातच?"

"गेलं असेल तर यातच. एकात एक."

"वेगळं नाही होत?"

"नाही."

"तुले येत नसन. मोठ्या साहेबाले येत असन."

"जगात कोणालाच येत नाही, बाबा."

आबाजी त्या काळ्या ढगाकडे बघत राहिले. नळीत वरचं कुठलं आणि खालचं कुठलं, काही कळत नव्हतं. नुसतं पाणी काळवंडलं होतं.

"अन् धुरा?" त्यांनी विचारलं.

"धुरा कुठला, बाबा. तिथे धुरा नाही."

आधी त्यांचे खांदे हलले. मला वाटलं, खोकला आला. पण ते हसत होते. मी त्यांना गालात हसताना पाहिलं होतं, असं पोट धरून हसताना कधीच नाही. शेजारच्या खोलीतला कोणीतरी दारात येऊन बघून गेला. "पाय ठेवू देत नव्हता गा त्याच्या वावरात," ते हसता हसता म्हणाले, "अन् आता माहं वावर त्याच्या वावरात जाऊन पडलं. त्याच्या पोराले म्हनावं, काढ वेगळं. घाल धुरा." मग त्यांनी पापांचा दंड धरला आणि अगदी हळू आवाजात, एखादी नाजूक गोष्ट सांगावी तसं सांगितलं, "पाटलाले मात्र सांगू नोको. म्हातारा झाला तो. त्याले सहन नाही होनार."

आणि एवढं बोलून ते रडायला लागले. हुंदके देऊन, लहान मुलासारखे. त्या वावरासाठी मी त्यांना रडताना पाहिलं ते तेवढंच. पापा हात चिखलानं भरलेले म्हणून ते अंगापासून दूर धरून उभे होते. मग त्यांनी ते तसेच आबाजींच्या पाठीवर ठेवले. आमच्या घरात बाप-लेकांनी एकमेकांना जवळ घ्यायची रीत नव्हती. दोघांनाही ते नीट जमत नव्हतं, आणि दोघंही सोडत नव्हते.

बाहेर आलो तेव्हा कोहरा उठला होता आणि रस्त्यावर ऊन पसरलं होतं. पापांनी रिक्षा थांबवली. शिदोरीची पिशवी माझ्या हातात होती आणि कुठे जायचं ते विचारायची पापांची हिंमत होईना. रिक्षावाला तिघांच्या तोंडाकडे बघत होता. आबाजी लखनौत आल्यापासून हिंदीचा एक शब्द बोलले नव्हते. ते आधी चढून बसले, टोपी सारखी केली आणि म्हणाले, "मानक नगर चलो, भैया. हमारा घर."